परीक्षा नको, लुकमा द्या

(जालना येथे तरुणांच्या एका बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा वेगळी असणार. हा मुलगा जालन्याचा, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणजे एआय, नोकऱ्या, परीक्षांची तयारी असं काही तरी बोलेल. मी म्हणालो, म्हाताऱ्या माणसांना नावं का आठवत नाहीत, यावर मला बोलायचंय. फोनवर थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग त्यांनी हळूच विचारलं, "घरी काही झालंय का?"

झालंय. तिथूनच सुरुवात करतो.

माझे अब्बा टेलर. वय चौऱ्याहत्तर. जुन्या जालन्यात त्यांचं दुकान होतं. एक शटर, दोन मशीन, एक कापायचं टेबल. चाळीसहून जास्त वर्षं त्यांनी ते चालवलं. आता त्यांच्याच हाताखाली शिकलेला मुलगा बघतो. शाळेचे गणवेश, लग्नाचे सूट, पुढाऱ्यांच्या सफारी, ईदचे कुर्ते-पायजमे, सगळं त्यांच्या कात्रीखालून गेलं. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढायच्या आत अब्बा त्याला नावाने हाक मारत. आम्ही भावंडं त्याचा अभिमान बाळगायचो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या नात्यात एक वलीमा होता. तिथे बदनापूर तालुक्यातले एक मोसंबीवाले शेतकरी आले होते. अब्बांचे खूप जुने गिऱ्हाईक, दोस्तच म्हणा ना. त्यांनी मिठी मारली. अब्बा हसले, हात हातात धरून ठेवला, पण नाव काही घेईनात. त्या काकांनी नातवाला पुढे केलं आणि म्हणाले, "माझ्या लग्नाचा सूट यांनीच शिवला. विचार बरं यांना, माझं नाव काय?"

अब्बा गप्प. शेजारचे दोघंतिघं हसले. काकाही हसले, पण त्यांना लागलं होतं. म्हणाले, "पोरगा पुण्याला साहेब झाला. आता आम्हाला कशाला ओळखतील!"

परत येताना रिक्षात अब्बा बराच वेळ बाहेर बघत होते. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "छाती चालीस. दायाँ कंधा उतरता. पतलून को दो चुन्नट माँगता था. सब याद हय. नाम नईं आया."

त्यानंतर अब्बांनी दुकानावर जाणं कमी केलं. असरच्या नमाजनंतर ते मशिदीबाहेर ओट्यावर बसायचे, तेही बंद झालं. लग्नाचं आमंत्रण आलं की गुडघा दुखायला लागायचा. विसरणं राहिलं बाजूला, शरमेनेच माणूस घरात बसला. मला आज बोलायचंय ते या शरमेबद्दल.

आधी नाव विसरणं म्हणजे काय ते समजून घेऊ. १९८७ साली ब्रिटनमधल्या मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. लोकांना अनोळखी चेहरे दाखवले. काही चेहऱ्यांबरोबर एक शब्द आडनाव म्हणून सांगितला, काहींबरोबर धंदा म्हणून. इंग्रजीत 'बेकर' हे आडनावही आहे आणि पाव भाजणाऱ्यालाही बेकर म्हणतात. शब्द तोच, अक्षरं तीच. तरी धंदा म्हणून सांगितलेला शब्द लोकांच्या लक्षात राहिला आणि आडनाव म्हणून सांगितलेला निसटला.

आपल्याकडे हे समजायला इंग्लंडला जायची गरज नाही. आपल्यातली निम्मी आडनावं धंद्यांचीच. अत्तार, मणियार, तांबोळी, बागवान. मी म्हटलं, "हा माणूस बागवान आहे, फळं विकतो," की तुमच्या डोळ्यापुढे हातगाडी येते, तराजू येतो, पपईची फोड येते, त्याची आरोळी ऐकू येते. एवढ्या दोऱ्यांनी तो माणूस बांधला जातो. पण मी म्हटलं, "यांचं आडनाव बागवान, हे बँकेत असतात," तर तो शब्द एकाच दोरीला लटकतो. नावाला स्वतःचा अर्थ असला तरी त्या माणसाशी त्या अर्थाचा संबंध नसतो. एक दोरी तुटली की गेलं.

म्हणून अब्बांना छाती चाळीस आठवते. ते त्यांच्या हातांनी मोजलेलं आहे, खडूने आखलेलं आहे, कात्रीने कापलेलं आहे. नाव मात्र नुसतं ऐकलेलं.

वय वाढतं तसा हा त्रास वाढतो. अमेरिकेत डेबोरा बर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली 'जिभेवर आहे पण येत नाही' या अवस्थेचा अभ्यास प्रसिद्ध केला. वयस्कांना ही अडचण तरुणांपेक्षा जास्त येते आणि सगळ्यात जास्त येते ती माणसांच्या नावांबाबत. पण यातली बहुतेक नावं नंतर येतात. संध्याकाळी वजू करताना, रात्री कूस बदलताना. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर डेटा उडालेला नाही. तिथपर्यंत जाणारी वाट बुजत चालली आहे. अब्बा हेच म्हणायचे, "नाम पेट में हय, मुँह में नईं आरा."

आता माझी चूक सांगतो.

मी इंजिनिअर. घरात दुखणं आलं की कोड लिहायला बसणार. मी अब्बांसाठी एक अ‍ॅप बनवलं. नातेवाइकांचे, गल्लीतल्या लोकांचे, जुन्या गिऱ्हाइकांचे साठ फोटो जमा केले. फोटो दिसणार, अब्बा नाव सांगणार, मग बरोबर की चूक ते कळणार. बरोबर आलं तर तो चेहरा उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. चुकलं तर लगेच पुन्हा.

ही कल्पना माझी नव्हे. हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून विसरण्याचा वेग मोजला होता. १९७८ साली टॉमस लँडाउअर आणि रॉबर्ट ब्योर्क यांनी खास नावांवर काम केलं आणि दाखवलं की नाव ऐकल्यावर लगेच एकदा आठवावं, मग थोड्या वेळाने, मग आणखी जास्त वेळाने. असं अंतर वाढवत नेलं की नाव पक्कं बसतं. हा लँडाउअर बेल लॅब्जचा माणूस. म्हणजे टेलिफोनवाल्यांचा. मला वाटलं, आपल्याच जातीचा निघाला.

तीन आठवड्यांत अब्बा साठपैकी बावन्न नावं सांगायला लागले. मी स्क्रीनशॉट काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी अंगठे दाखवले. त्याच आठवड्यात आम्ही दोघं गांधी चमनकडे चाललो होतो. समोरून सायकलवर एक गृहस्थ आले, सलाम केला. अ‍ॅपमधला चेहरा नंबर सतरा. अब्बांनी सलामला उत्तर दिलं आणि नाव नाही. अ‍ॅपमधल्या फोटोत त्यांच्या डोक्यावर टोपी नव्हती, इथे होती. अब्बा मला म्हणाले, "तेरे मोबाइल वाले को पैचान्या. आदमी को नईं."

मग मी जरा वाचायला लागलो. अमेरिकेत पासष्ट वर्षांवरच्या २,८३२ लोकांवर एक मोठा अभ्यास झाला, त्याचे पहिले निष्कर्ष २००२ साली आले. काहींना स्मरणशक्तीचे धडे दिले, काहींना तर्काचे, काहींना झटपट बघून ओळखण्याचे. ज्याला जे शिकवलं त्यात तो सुधारला. बाकीच्यात नाही. दहा वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हा स्मरणशक्तीच्या धड्यांचा फायदा उरलेला नव्हता, इतर दोन गटांचा काही प्रमाणात टिकला होता. २०१६ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने मेंदूच्या व्यायामाचे खेळ विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीकडून वीस लाख डॉलर वसूल केले. कारण या खेळांनी म्हातारपणातली विस्मृती थांबते अशी जाहिरात करायला तिच्याकडे पुरेसा पुरावा नव्हता. तेव्हा आई-वडिलांसाठी असलं महागडं सबस्क्रिप्शन घ्यायच्या आधी विचार करा. शब्दकोडं सोडवणारा शब्दकोडं सोडवण्यात हुशार होतो. चांगलंच आहे ते. पण त्याने वलीम्यातलं नाव आठवेल, याची हमी नाही.

मग काय उपयोगी पडतं? मला उत्तर मिळालं ते एका हाफिज मित्राकडून.

त्याला मी माझ्या अ‍ॅपचं गणित समजावत होतो. तो हसायला लागला. म्हणाला, हे तर आम्ही मदरशात रोज करतो. नवा पाठ म्हणजे सबक. गेल्या काही दिवसांचे पाठ म्हणजे सबकी. आणि जुनं सगळं फिरत्या क्रमाने पुन्हा म्हणायचं, ती मंजिल. आज, परवा, पंधरवड्याने. एबिंगहाउसच्या कितीतरी आधीपासून दहा-बारा वर्षांची पोरं या पद्धतीने अख्खं कुरआन पाठ करत आली आहेत. पण पुढे तो जे म्हणाला ते माझ्या अ‍ॅपमध्ये नव्हतं. "हिफ्ज एकट्याने होत नाही. समोर ऐकणारा लागतो."

तुम्ही तरावीहला उभे राहिला असाल तर पाहिलं असेल. इमाम पढताना एखाद्या आयतीवर अडतो. तीस पारे पाठ असलेला माणूस, पण अडतो. मागे एक हाफिज फक्त ऐकायला उभा असतो. तो पुढचा शब्द देतो. त्याला आपण लुकमा म्हणतो. लुकमा म्हणजे घास. इमाम तो घास घेतो आणि पुढे जातो. कुणी हसत नाही, "विसरलास ना?" म्हणत नाही. नमाज मोडत नाही. इमामाची इज्जतही जात नाही.

हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. आपल्या जिल्ह्यात गावोगावी कीर्तन होतं. कीर्तनकाराच्या मागे टाळकरी उभे असतात. बुवांनी अभंगाचा चरण टाकला की ते उचलतात. बुवांना दम घ्यायचा असला, ओळ आठवायची असली, तरी सूर तुटत नाही. पाठांतर मोठ्या माणसाचं असतं, पण ते पेलून धरणारे मागे असतात.

आणि आपण घरात काय करतो? आजीपुढे माणूस उभा करतो आणि विचारतो, "ओळखलं का? सांगा बरं कोण?" लहान मुलाला विचारावं तसं. चार लोकांत. तिला आठवलं तर टाळ्या, नाही आठवलं तर सगळ्यांचे चेहरे पडलेले. आपल्याला वाटतं, आपण तिच्या मेंदूला व्यायाम देतोय. खरं तर आपण तिची परीक्षा घेतोय, आणि परीक्षेत नापास होणारा माणूस पुढच्या वेळी शाळेतच येत नाही. मी अब्बांच्या बाबतीत तेच केलं होतं. त्या काकांनी एकदा केलं, मी साठ फोटो घेऊन रोज केलं.

मी अ‍ॅप बंद केलं आणि लुकमा द्यायला सुरुवात केली. कुणी समोरून आलं की मीच मोठ्याने नाव घेऊन सलाम करतो. ते नाव अब्बांच्या कानावर पडतं आणि ते लगेच पकडतात. मला नाव माहीत नसेल तर मी आधी माझं सांगतो. समोरचा मग आपोआप त्याचं सांगतो.

कानावर पडतं म्हणालो, पण तिथेही एक गोष्ट होती. डॉक्टरांनी आधी कान तपासायला लावले. अब्बांना ऐकू कमी येत होतं आणि आम्हाला कळलंच नव्हतं, कारण बोलणं ते अंदाजाने जुळवून घेत. वाक्याचा अंदाज बांधता येतो. "चहा" ऐकू आला की "घेणार का" समजतं. नावाचा अंदाज कसा बांधणार? जे नाव नीट ऐकूच आलं नाही, ते आठवणार कुठून? २०२४ साली लॅन्सेटच्या तज्ज्ञगटाने डिमेन्शियाला हातभार लावणारी चौदा कारणं सांगितली, ज्यांच्यावर काही तरी करता येतं. त्यात ऐकू कमी येणं आहे, नजर कमी होणं आहे, रक्तदाब, मधुमेह, तंबाखू आहे, कमी शिक्षण आहे आणि एकटेपणाही आहे. यातलं आपल्या मोहल्ल्यात काय नाही ते सांगा.

म्हणून साध्या तपासण्या करून घ्या. कान, डोळे, साखर, बीपी, थायरॉइड, बी-१२. थायरॉइड किंवा बी-१२ कमी असल्यानेही विसरायला होतं आणि त्यावर औषध आहे. आणि फरक ओळखा. शेजाऱ्याचं नाव उशिरा आठवणं वेगळं. रोजच्या रस्त्यावर वाट चुकणं, तोच प्रश्न दहा मिनिटांत पुन्हा पुन्हा विचारणं, पैशाचा व्यवहार न समजणं, स्वभाव एकदम बदलणं हे वेगळं. तसं दिसलं तर "बुढापा हय" म्हणून सोडू नका, आणि बाहेरचं काही लागलंय म्हणून गंडे-तावीज करत बसू नका. डॉक्टरकडे न्या. भारतात साठीच्या वरचे सुमारे ८८ लाख लोक डिमेन्शियासह जगत आहेत, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही सरकारी हेल्पलाइन आहे. नंबर आत्ताच फोनमध्ये टाका.

एक आपल्या जवळची गोष्टही सांगतो. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४८ डिमेन्शिया रुग्णांचा अभ्यास केला, तो २०१३ साली आला. दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसला, आणि कधी शाळेत न गेलेल्यांमध्येही फरक दिसला. यावर संशोधकांमध्ये अजून वाद आहेत, म्हणून मी याला औषध म्हणणार नाही. पण अब्बा घरात दखनी बोलतात, दुकानात मराठी बोलतात, वर्तमानपत्र उर्दू वाचतात. लहानपणी याची मला लाज वाटायची, की आमची एकही भाषा धड नाही. आता वाटत नाही. मात्र भाषा वापरायला माणसं लागतात. घरात बसून मराठी कुणाशी बोलणार?

तर अब्बांना बाहेर कसं काढलं? त्यांच्या मापाच्या वह्या माळ्यावर होत्या. त्या खाली काढल्या. आम्ही दोघं रोज संध्याकाळी एक वही घेऊन बसायचो. मी माप वाचायचो, "छाती अडतीस, तीरा साडेसतरा, उंची तीस." अब्बा डोळे मिटून म्हणायचे, हा स्टेशनवर कामाला होता, हा बोहल्यावर चढायच्या दिवशी सूट न्यायला आला. आणि असं बोलता बोलता कितीदा तरी नाव यायचं. नाही आलं तर वहीत होतंच. मी वाचून दाखवायचो, पुढे जायचो.

दुसरी एक जुनी युक्ती आम्हाला सहज सापडली. प्राचीन ग्रीसमधल्या सिमोनाइडीस नावाच्या कवीची गोष्ट सांगतात. एका मेजवानीत छत कोसळलं, माणसं ओळखू येईनात, तेव्हा कोण कुठे बसलं होतं ते आठवून त्याने प्रत्येकाचं नाव सांगितलं. जागेवरून माणूस आठवण्याची पद्धत तिथून आली म्हणतात. मी अब्बांना म्हटलं, "स्टेशनपासून गांधी चमनपर्यंत चला, पण चाळीस वर्षांपूर्वीच्या रस्त्याने. उजव्या हाताला पहिलं दुकान कोणाचं?" आणि ते सांगत सुटले. किराणावाला, घड्याळवाला, पानवाला, सायकलवाला. मारवाडी, मुसलमान, मराठा, बौद्ध, शीख, ओळीने. मी ऐकत होतो आणि मला एक गोष्ट टोचली. माझ्या पुण्याच्या सोसायटीत माझ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची नावं मला माहीत नाहीत. अब्बा नावं विसरताहेत, मी तर विचारलीच नाहीत. तुम्हीही मोजून बघा. तुमच्या मोहल्ल्याबाहेरच्या, तुमच्या धर्माबाहेरच्या किती माणसांना तुम्ही नावाने हाक मारू शकता?

आणि अम्मीने तर मला गारच केलं. आमचं हे चाललेलं असताना ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मर्दों के नाम सब लिख्खे तुम लोगां. मेरा नाम गल्ली में किसको मालूम हय?" मी अ‍ॅप आठवलं. साठ फोटोंत एकोणीस बायका होत्या आणि त्यांच्यापुढे मी लिहिलं होतं, अमक्याची अम्मी, तमक्याची दुल्हन, वरच्या माळ्याची खाला. पन्नास वर्षं ज्या गल्लीत राहिली तिथे माझ्या आईला तिच्या नावाने कुणी हाक मारलेली नाही. तिचं नाव विसरायला आधी ते कुणाला ठाऊक तर हवं! आता आमच्या वहीत बायकांची पानं वेगळी नाहीत. ज्यांची नावं माहीत नव्हती त्यांना अम्मी जाऊन विचारून आली. काही जणी लाजल्या म्हणे. एकीला स्वतःचं पूर्ण नाव सांगायला आधार कार्ड काढावं लागलं.

शेवटी त्या मोसंबीवाल्या काकांचं सांगतो. त्यांचं पान आम्हाला एका जुन्या वहीत सापडलं. छाती चाळीस, उजवा खांदा उतरता, दोन चुन्या, आणि वर ठळक अक्षरात नाव. आम्ही ती वही घेऊन त्यांच्या गावी गेलो. काकांनी स्वतःचं माप वाचलं आणि ओरडले, "कंबर तीस? ही माझी?" मग बराच वेळ बोलले नाहीत. अब्बांनी त्यांना सरळ सांगितलं, "नाव निसटतं रे. तू नाही निसटलास." आता दर आठवड्याला काकांचा फोन येतो. अब्बांनी हॅलो म्हटलं की पलीकडून आधी नाव येतं, मग बाकीचं. काकांची सत्तरी उलटलीय. परवा ते माझं नाव विसरले. अब्बांनी लुकमा दिला.

अब्बा पूर्वीसारखे झाले असं मी म्हणणार नाही. नावं आजही निसटतात, उद्या जास्त निसटतील. पण ते ओट्यावर परत बसायला लागले आहेत. मला तेवढं पुरे.

तुमच्याकडून मला तीनच गोष्टी हव्यात. आज घरी गेल्यावर कुणाही म्हाताऱ्या माणसाला "ओळखलं का?" असं विचारू नका, स्वतःचं नाव सांगा, वडिलांचं सांगा, आईचं सांगा. या महिन्यात घरातल्या मोठ्यांचे कान तपासून घ्या. आणि एक वही घ्या, एका वयस्क माणसाजवळ बसा आणि त्यांच्या गल्लीतली नावं लिहून काढा, बायकांची आणि शेजारच्या वस्तीतली सुद्धा. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, जमेल तसं लिहा.

अब्बा आज इथे आलेत. तिसऱ्या रांगेत, खिडकीजवळ, राखाडी जाकीट. जाकीट त्यांनीच शिवलंय. चहाच्या वेळी त्यांना भेटा. भेटताना काय करायचं ते तुम्हाला आता ठाऊक आहे.